वासाचं वेळापत्रक

बहुतेकांच्या नाकाला दोनच वास कळतात, चांगला आणि वाईट. मुकादमाचं तसं नव्हतं. त्याच्या लेखी कुबट वेगळा, खवट वेगळा, आंबूस वेगळा, उग्र वेगळा. ओल्या गोणपाटाचा कुबट आणि बंद कपाटाचा कुबट हे सख्खे भाऊ नाहीत, चुलतभाऊ आहेत, असं तो अगदी गंभीरपणे सांगायचा आणि ऐकणारा हसला की त्याला मनापासून वाईट वाटायचं. दोन वास एकमेकांत मिसळले तर तो कोपराच्या आतल्या खळग्यात नाक खुपसून तीनदा श्वास घ्यायचा. स्वतःच्या कातडीचा वास घेतला की नाक पुन्हा कोरं होतं, असं त्याचं म्हणणं. टोळीतली माणसं पाठीमागे त्याची नक्कल करायची आणि अडचण आली की गुपचूप तेच करायची.

नगरपालिकेची किनारा साफ करणारी टोळी बावीस वर्षं त्याच्या हाताखाली होती. नऊ माणसं, एक ट्रॅक्टर, ट्रॅक्टरमागे ओढायचं लोखंडी दंताळं. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला सगळे डुलक्या म्हणत, कारण दोन फेऱ्यांच्या मध्ये तो स्टिअरिंगवरच डुलकी काढायचा. सकाळी सहाला हजेरी व्हायची, आणि रात्रीच्या भरतीने आणून टाकलेलं शेवाळ, मेलेले खेकडे, तुटलेल्या दोऱ्या असं सगळं आठच्या आत ट्रॉलीत चढायचं. शेवाळाची एक काडी मागे राहिलेली मुकादमाला खपत नसे. फिरायला येणाऱ्यांना किनारा इतका चकचकीत मिळायचा की समुद्र इथे पाय पुसून येतो असं लोक म्हणत. या वाक्याचा मुकादमाला केवढा अभिमान होता हे त्याच्या बायकोला विचारावं. जेवणाच्या ताटावरही ते अधूनमधून ऐकू यायचं.

आणि अशा या किनाऱ्याला, मोठं वादळ होऊन गेल्यावर पंधरा दिवसांनी, वास यायला लागला.

साधासुधा वास नव्हता. सडक्या अंड्याचा भपकारा पुढे, आणि त्याच्या आड आणखी काहीतरी, ज्याला मुकादमाकडेही नाव नव्हतं. सोमवारी तो आला, मंगळवारी वाढला. समुद्रासमोरच्या सलूनमधली पितळी वाटी दोन दिवसांत काळीठिक्कर पडली. हॉटेलवाले म्हणाले गटार फुटलंय. गटारवाले म्हणाले हॉटेलवाल्यांनीच रात्री काहीतरी ओतलंय. बाकांवर बसणारे म्हातारे म्हणाले की हे शहरच आता राहण्यासारखं उरलेलं नाही, पण ते हे वास नव्हता तेव्हाही म्हणत. टोळीने चुना टाकला, मग फिनेल ओतलं. फिनेल ओतल्यावर एकाचे दोन वास झाले.

मंगळवारी सकाळी सातला आरोग्य खात्याचे साहेब स्वतः रुमाल नाकाला लावून किनाऱ्यावर उभे राहिले.

"मुकादम, सगळं शहर तुमच्या नाकाचं कौतुक करतं. मग सांगा, कुठून येतोय?"

वारा त्या वेळी उत्तरेकडून होता. उत्तरेच्या टोकाला मासळीचं वाळवण होतं, बांबूच्या मांडवांच्या सात ओळी, त्यांच्यावर पसरलेली मासळी. मुकादमाने नाक वर केलं, वाऱ्याकडे तोंड केलं आणि म्हणाला, "त्या बाजूने येत असावा."

साहेबांना 'असावा' ऐकू आलं नाही. दुपारपर्यंत नोटीस टाईप झाली. शनिवारी दुपारी बाराच्या आत वाळवण हटवावं, जागा मोकळी करावी.

ते वाळवण मुकादमाच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचं होतं.

आईबाप गेले तेव्हा आक्का अठरा वर्षांची आणि तो सहा वर्षांचा होता. त्याच मांडवांवर मासळी वाळवून तिने त्याला वाढवला, शाळेत घातला. शाळेत पोरं त्याला 'खारट' म्हणत. तो रोज दोनदा अंघोळ करायचा, तरी खारटच. नोकरी लागल्यावर त्याने वरच्या वस्तीत खोली घेतली, लग्न केलं, आणि वाळवणाकडे जाणं हळूहळू सणासुदीपुरतं, मग निरोपापुरतं राहिलं. भांडण असं एकदाच झालं होतं, टोळीच्या पहिल्याच वर्षी. आक्काने ट्रॅक्टर अडवला होता. "माझ्या बाजूचं शेवाळ उचलायचं नाही. शेवाळ आहे म्हणून वाळू आहे," असं ती म्हणाली होती. त्याने हात जोडले, मनातल्या मनात हसला आणि उत्तरेचा तेवढा तुकडा सोडून दिला. आपल्या चकचकीत किनाऱ्याच्या एका टोकाला बहिणीचा हा पसारा आहे, याची त्याला बावीस वर्षं लाज वाटत आली होती. आता ते बोलून दाखवायची वेळ आली तेव्हा नाकाने ते आपणहून बोलून टाकलं होतं, आणि हे त्याचं त्यालाच कळत होतं.

संध्याकाळी तो वाळवणावर गेला. मांडवांपर्यंत जायला वाळूचा एक उंचवटा चढावा लागे. तो चढताना त्याला दम लागला. आक्का मासळी उलटवत होती. नोटीस एका बांबूला सुतळीने बांधून ठेवली होती, उडू नये म्हणून.

"तू सांगितलंस?" तिने मान वर न करता विचारलं.

"हो."

"वास घेऊन सांगितलंस की वारा बघून?"

आक्काने मांडवावरचा एक मासा उचलला आणि त्याच्या नाकासमोर धरला. "घे. हाच का तो?"

त्याने श्वास घेतला. मीठ, ऊन, थोडी ओशट कड, बांबूचा कोरडेपणा. सोमवारपासून शहरात जे घुमत होतं त्यातलं यात काहीही नव्हतं. हे त्याला मंगळवारी सकाळीसुद्धा कळलं असतं, जर त्याने नाकाला विचारलं असतं.

"नाही," तो म्हणाला.

"मग चोर सोडून संन्याशाला फाशी का?" आक्का म्हणाली. "माझी साठी झाली. दुसरं काम मला येत नाही, शिकायचं वय नाही. शनिवारपर्यंत खरा वास कुठून येतो ते शोध आणि तुझ्या साहेबाला दाखव. सांगू नकोस, दाखव. तुझ्या सांगण्यानेच हे झालंय."

ती पुन्हा मासळीकडे वळली. तो उंचवटा उतरून खाली आला तेव्हा त्याचे कान तापले होते.

बुधवारी आणि गुरुवारी त्याने किनारा पिंजून काढला. त्याची एक पद्धत होती. हातभर काठ्यांना लोकरीचे धागे बांधायचे, वास जिथे लागेल तिथे काठी रोवायची, धागा कुठे उडतो ते बघायचं आणि वाऱ्याच्या उलट चालत जायचं. या पद्धतीने त्याने आजवर एक फुटकी मैल्याची टाकी, मेलेली गाय आणि एका हॉटेलवाल्याचं खोटं बोलणं शोधून काढलं होतं. या वेळी साठ काठ्या रोवल्या आणि काठ्यांचा नुसता गोंधळ झाला. बुधवारी त्या गटाराकडे बोट दाखवत होत्या, गुरुवारी मासळी बाजाराकडे. आणि मध्येच, दहा-साडेदहाला, वास अचानक मरून जायचा. झाकण ठेवल्यासारखा.

"मुकादम, भुताटकी आहे," डुलक्या ट्रॅक्टरवरून म्हणाला.

"भुताला अंड्याचा वास येत नाही."

"तुम्ही भेटलायत का कधी?"

मुकादमाला हसू आलं नाही, यावरून त्याची अवस्था ओळखावी.

गुरुवारी संध्याकाळी तो नगरपालिकेत गेला आणि तक्रारींचं रजिस्टर मागून घेतलं. खिडकीवरच्या कारकूनबाई फार शिस्तीच्या होत्या. तक्रार आली की आधी 'केव्हापासून?' विचारून वेळ लिहायच्या, मग तक्रार ऐकायच्या. मुकादम बाकावर बसून पानं चाळू लागला. कोण काय म्हणालं यात अर्थ नव्हता, सगळे एकमेकांना शिव्या घालत होते. पण समासातल्या वेळांवर त्याची नजर अडली. सोमवार, सकाळची पहिली तक्रार सव्वासहा. मंगळवार, सात. बुधवार, पावणेआठ. गुरुवार, साडेआठ. संध्याकाळच्याही तशाच: पावणेसात, साडेसात, सव्वाआठ. रोज पाऊण तास, पन्नास मिनिटं पुढे.

गटार वेळ पाळत नाही. हॉटेलवाला पाळत नाही. मासळी तर नाहीच नाही. दिवसातून दोनदा येणारं आणि रोज पाऊण तास उशिरा येणारं या जगात एकच काम होतं, आणि ते त्याच्या डोळ्यांसमोर बावीस वर्षं चाललं होतं. ओहोटी.

शहरातला हा वास चंद्राच्या वेळेने येत होता. चंद्र तिथे वर पाणी ओढत होता आणि इथे खाली कुणीतरी श्वास सोडत होतं. आणि आपण दोन दिवस कोरड्या वाळूत काठ्या रोवत बसलो होतो, कारण भरतीच्या रेषेखाली नगरपालिकेची हद्द संपते आणि हद्दीबाहेरचा वास मुकादमाने कधी घेतलाच नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो स्वतःशीच म्हणाला. कारकूनबाईंनी वर बघितलं.

शुक्रवारी सकाळी तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्याच्या कडेला उभा राहिला. पाणी मागे सरकत होतं, तो त्याच्याबरोबर चालत होता. साडेनऊच्या सुमारास, जिथे त्याच्या आठवणीत नेहमी पिवळी वाळू असायची तिथे, घोटाभर पाण्याखाली काळं काहीतरी दिसलं. त्यातून बुडबुडे येत होते. बुडबुडा फुटला की वास. त्याने आणखी एक पाऊल टाकलं आणि अंगठा कशाला तरी थडकला. हात घालून चाचपलं. लाकूड होतं. जाड, जमिनीत घट्ट रुतलेलं, हलवून हलेना. शेजारी दुसरं. त्याच्या पुढे तिसरं. मग पाणी परत चढू लागलं आणि त्याला मागे यावं लागलं.

उद्या अमावस्या होती. उद्या पाणी सर्वांत मागे जाणार होतं. त्याने साहेबांना निरोप धाडला: वास सापडला आहे, उद्या सव्वादहाला या, आणि पाण्याच्या प्रयोगशाळेतल्या माती तपासणाऱ्या बाईंना बरोबर आणा. दुसरा निरोप आक्काला.

शनिवारी सकाळी नऊलाच आक्का उंचवटा उतरून आली. डुलक्या आला, टोळीतली बाकी माणसं आली. सगळे रांगेत उभे राहून पाण्याकडे बघत होते. समुद्र मागे जाताना बघणं हे काही नवलाचं नाही, पण त्या दिवशी तो थांबेचना. नेहमीची रेषा ओलांडली, तिच्या खालची ओलांडली, होड्यांच्या नांगराच्या खुणा ओलांडल्या. आणि जसजसा तो मागे गेला तसतशी जमीन काळी होत गेली. आधी एक बुंधा वर आला, कमरेइतका उंच. मग दहा. मग मोजता येईनात.

नाकावरचे रुमाल खाली आले होते आणि ते कुणाच्या लक्षातही नव्हतं.

एक अख्खं रान होतं तिथे. पाणी जिथपर्यंत मागे गेलं तिथपर्यंत, आणि पाण्याखालीही पुढे. शेकडो खुंट, जिथे उगवले तिथेच उभे. त्यांची मुळं एकमेकांत गुंतून पसरलेली, जणू काल कुणी झाडं कापून नेली असावीत. एक भलामोठा वृक्ष आडवा पडला होता. डुलक्याने त्याच्या कडेने पावलं टाकली, चव्वेचाळीस भरली. काही खोडांवर साल होती. मुकादमाने सालीवर बोट दाबलं तर ती खरवसासारखी मऊ लागली.

"हे इथे होतं?" डुलक्या हळूच म्हणाला. "आपण याच्या उशाशी ट्रॅक्टर फिरवत होतो?"

आक्का खाली बसली. दोन खुंटांमधला काळा चिखल थरांथरांचा होता, जुन्या वहीच्या पानांसारखा. तिने नखाने एक थर उचलला. खाली पान होतं. झाडाचं पान, पूर्ण, देठासकट, शिरांसकट, आणि रंगाने अजून हिरवट तपकिरी. तिने ते तळहातावर घेतलं. सगळे वाकून बघत असतानाच हवा लागून ते काळवंडत गेलं, कडेकडून मध्यापर्यंत, आणि पाच-सहा श्वासांत कोळशासारखं झालं. इतका काळ ते तसंच थांबलं होतं आणि ह्या नऊ-दहा माणसांना तेवढा एक क्षण दिसलं. आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं नाही.

"अरे, इकडे बघ," ती पुढच्या चिखलाकडे बोट दाखवत म्हणाली.

चिखलात खुरांचे ठसे होते. दोन-दोन पाकळ्यांचे, खोल, स्पष्ट. मोठे ठसे आणि त्यांच्या शेजारी लहान. एक कळप खुंटांमधून वाट काढत सरळ पश्चिमेला गेला होता, जिथे आता फक्त समुद्र होता. ते प्राणी निवांत चालत होते हे ठशांवरून कळत होतं. पुढे चरायला जागा आहे याची त्यांना खात्री होती.

मुकादम गुडघ्यांवर बसला. त्याने दोन्ही तळवे चिखलावर टेकले आणि नाक थेट जमिनीला लावलं. आधी अंड्याचा भपकारा, डोळ्यांतून पाणी काढणारा. त्याने कोपरात नाक खुपसलं, तीनदा श्वास घेतला, पुन्हा वाकला. आणि मग त्या भपकाऱ्याच्या आड सहा दिवस लपून बसलेला दुसरा वास त्याला सापडला. ओली साल. कुजलेली पानं. सावली. झाडाखाली गारव्याला बसल्यावर येतो तसा, पण कुठल्या झाडाचा ते सांगता येईना. जगात आज हा वास घेणारं दुसरं कुणी नव्हतं. एका दिवसाची हवा जमिनीने तोंड मिटून धरून ठेवली होती आणि ती आत्ता त्याच्या छातीत शिरत होती. आयुष्यभर ज्याला तो दुर्गंध म्हणून हाकलत आला त्याच्यासमोर त्याने आज डोकं टेकलं होतं, आणि त्याला त्याची लाज वाटली नाही.

साहेब आले तेव्हा सव्वादहा वाजले होते. त्यांच्या हातात फाईल होती, फाईलमध्ये नोटिशीची प्रत. तेही खुंटांकडे बघतच राहिले. त्यांचे बूट चिखलात रुतत होते, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मातीवाल्या बाई मात्र धावल्याच. खुंटाला हात लावून, चिखल चोळून, ठशांशेजारी वाकून त्या परत आल्या तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

"तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या, "पण चार हजार वर्षं तरी असावीत. समुद्र तेव्हा खूप लांब होता. मग तो चढत आला, रान चिखलात बुडालं, वरून वाळू बसली. आत हवा नाही, म्हणून कुजलं नाही. वाळूचं झाकण होतं तोवर ठीक होतं. झाकण गेलं, आतला वायू सुटला."

"मग हे खणून काढायचं का?"

"छे. खणलं तर वास दहापट होईल. आणि साहेब, हे खणायची चीज नाही. वाळू परत बसली की वास थांबेल."

"वाळू गेली कशाने?"

"वादळाने असेल."

साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला. वादळ ही फार सोयीची गोष्ट असते, तिला नोटीस द्यावी लागत नाही. "ठीक. नैसर्गिक कारण म्हणून लिहून टाकतो," ते म्हणाले. मग आक्काकडे बघून जरा चाचरले. "बाई, वाळवणाचं मात्र बारापर्यंत आटपा. मला कळतंय वास तुमचा नाही. पण वाळू बसायला महिने लागतील. तोवर लोकांना काहीतरी केलेलं दिसलं पाहिजे. हॉटेलवाल्यांना तारीख देऊन बसलोय. जागा मोकळी झाली की मुकादमांची टोळी ती बाजूही चकाचक करेल."

आक्काने भावाकडे बघितलंही नाही. ती ठशांकडे बघत होती.

मुकादमाने उत्तरेकडे मान वळवली. आज पहिल्यांदाच तो किनाऱ्याकडे समुद्राच्या बाजूने बघत होता, आणि इथून जे दिसत होतं ते दंताळ्यामागे चालताना बावीस वर्षांत कधी दिसलं नव्हतं. सगळा किनारा खाली बसलेला होता, खरवडून घेतलेल्या पातेल्यासारखा. फक्त एका टोकाला, वाळवणाखाली, वाळू छातीइतकी उंच होती. तिच्या पायथ्याशी शेवाळाचे जुने वाळलेले पट्टे, त्यांच्यात अडकलेली वाळू, त्यावर नवं शेवाळ, त्यावर पुन्हा वाळू. ज्याला तो बहिणीचा उंचवटा समजत आला तो उंचवटा नव्हताच. किनाऱ्याची मूळची उंची तेवढी होती. वादळ तिथेही आलं होतं आणि हात हलवत परत गेलं होतं.

तोंड बंद ठेवलं असतं तर कुणालाही काही कळलं नसतं. वादळ काही खुलासा करायला येणार नव्हतं. पण समोर चार हजार वर्षं आणि शेजारी बहीण, अशा दोघांच्या मध्ये उभं राहून खोटं बोलायला जी छाती लागते ती त्याच्याजवळ नव्हती.

"साहेब, वादळाने नाही," तो म्हणाला. "मी नेली वाळू."

साहेबांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"बावीस वर्षं रोज शेवाळ उचललं. शेवाळ वाळू धरतं, हे आक्काने मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. मी हसलो होतो. ट्रॉलीत शेवाळाबरोबर रोज किती वाळू गेली आणि मोकळी सुटलेली किती समुद्राने नेली, देव जाणे. वादळाने नुसता शेवटचा हात मारला. तिकडे बघा, जिथे माझा ट्रॅक्टर गेला नाही तिथे वाळू बघा. वाळवण उठवून ती बाजू मी चकाचक केली तर पुढच्या वादळात तिथलं रानही उघडं पडेल आणि वास दुप्पट होईल."

मातीवाल्या बाई डोळ्यांवर हात धरून उत्तरेकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हळूहळू मान हलवली. "ते बरोबर सांगताहेत," त्या म्हणाल्या.

"मग नोटीस?" साहेब म्हणाले. "वर काय सांगू? कुणीतरी जबाबदार दाखवायला हवं."

"आहे ना. नोटिशीत वाळवण खोडा आणि मुकादम लिहा. सही माझीच घ्या."

"चौकशी लागेल. मुकादमी जाईल तुमची."

"जाऊ दे. डुलक्याला द्या. तो दिवसातले चार तास झोपतो, किनाऱ्याचं तेवढं नुकसान कमी होईल."

टोळीतलं कुणीतरी फसकन हसलं. त्याने साहेबांच्या फाईलवर, खुंटाचा टेकू घेऊन, सही केली. साहेबांनी कागद दोनदा वाचला, घडी केली, आणि जाता जाता एकदा वळून त्या काळ्या रानाकडे बघून घेतलं. हॉटेलवाल्यांना काय सांगायचं ते त्यांना अजून सुचलं नव्हतं.

पाणी वळलं होतं. लांबचे खुंट एकेक करून बुडू लागले. डुलक्याने ट्रॉली आणली. सकाळी उचललेलं शेवाळ तीत तसंच होतं, ओलं, जड. ते आता रानावर परत पसरायचं होतं, उद्या पुन्हा, परवा पुन्हा, वाळू येऊन बसेपर्यंत. वास घालवायचा हाच एक मार्ग होता. मुकादमाने फावडं हातात घेतलं आणि त्याचा जीव होईना. आयुष्यात पाहिलेली सर्वांत मोठी गोष्ट त्याला स्वतःच्या हाताने झाकायची होती, आणि पुन्हा ती कधी कुणाला दिसू नये अशी आशाही धरायची होती.

आक्काने पदर खोचला. तिने दोन्ही हातांत मावेल तेवढं शेवाळ उचललं आणि खुरांच्या ठशांवर ठेवलं, आधी लहान ठशांवर, मग मोठ्या. मग तिने मागे बघितलं.

"बावीस वर्षं लागली तुला ऐकायला," ती म्हणाली.

मुकादमाने तिच्या पलीकडे, बुडत चाललेल्या खुंटांकडे बघितलं. पाणी त्यांच्या मुळांशी पोचलं होतं.

"यांना चार हजार लागली, आक्का. त्या मानाने मी लवकर आलो."

मंगळवारपासून पहिल्यांदा ती हसली. मग म्हणाली, "फावडं ठेव, त्याने पानं फाटतील. हाताने घाल." त्याने फावडं ट्रॉलीला टेकवलं, बाह्या वर केल्या आणि तिच्या शेजारी वाकून तो हाताने शेवाळ घालू लागला.